विजेत्याची रॅकेट आणि आपला हात

टेनिसमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद अलीकडे आकड्यांनी मिटविण्याची रीत पडली आहे. २०२३ साली नोव्हाक जोकोविचने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकून ग्रँड स्लॅम स्पर्धांतील आपले चोविसावे एकेरी विजेतेपद मिळविले, तेव्हा राफाएल नदालची बावीस आणि रॉजर फेडररची वीस विजेतेपदे शेजारी मांडून अनेकांनी निकाल जाहीर करून टाकला. असा निकाल देणाऱ्यांपैकीच काही जण पुढे खेळाच्या सामानाच्या दुकानात जातात आणि आपल्या आवडत्या विजेत्याच्या हातात असते तीच रॅकेट मागतात. या दोन गोष्टी वरवर पाहता निराळ्या आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. मोठेपण खेळाडूपासून सुटे करून मोजता येते, आणि मोजता आले की विकतही घेता येते, अशी ती समजूत. ती तपासून पाहिली पाहिजे. कारण तिची किंमत हौशी खेळाडू आपल्या खिशातून आणि पुष्कळदा आपल्या कोपरातून चुकवीत असतो.

प्रथम आकड्यांचा विचार करू. चोवीस हा आकडा जोकोविचच्या पुष्कळ आधी, १९७३ साली, ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट कोर्टने गाठला होता. पण तिच्या विजेतेपदांपैकी तेरा १९६८ पूर्वीची, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांचे दरवाजे बंद होते त्या काळातली आहेत. अकरा विजेतेपदे एकट्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतली आहेत, आणि लांबच्या प्रवासामुळे युरोप-अमेरिकेतील अनेक नामवंत खेळाडू त्या काळी तिकडे फिरकतच नसत. म्हणून कोर्ट लहान ठरते काय? १९७० साली एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूविषयी असे म्हणणे धाडसाचे होईल. उलट बाजूने रॉड लेव्हर पाहा. त्याच्या नावावर अकराच विजेतेपदे आहेत. १९६१ च्या विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत आपल्या रामनाथन कृष्णनला त्याच्याकडूनच हार पत्करावी लागली होती. १९६२ मध्ये त्याने चारही स्पर्धा जिंकल्या, नंतर तो व्यावसायिक झाला आणि ऐन उमेदीची पाच वर्षे त्याला या स्पर्धांबाहेर राहावे लागले. दरवाजे उघडल्यावर १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकून दाखविल्या. मधली पाच वर्षे कोणत्या आकड्यात धरावयाची?

शिवाय ही सारी माणसे एकच खेळ खेळत होती असे तरी कुठे आहे? लेव्हरच्या काळी चारांपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत. त्याच्या हातातील लाकडी रॅकेटच्या तारांचे क्षेत्रफळ सुमारे पासष्ट चौरस इंच होते आणि तिचे वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरे. आज व्यावसायिक खेळाडूंच्या रॅकेटी बहुधा पंचाण्णव ते शंभर चौरस इंचांच्या असतात, फ्रेम कार्बनच्या तंतूंपासून बनते आणि तारा पॉलिएस्टरच्या असतात. गुस्ताव्हो कुएर्तेनने १९९७ साली अशा तारांनिशी फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि पाहता पाहता त्यांचा प्रसार झाला. या तारांमुळे चेंडूला जी प्रचंड फिरकी देता येते, ती लाकडाच्या लहानशा चौकटीतून काढणे फार अवघड होते. तेव्हा दोन युगांतील आकडे शेजारी मांडणे गप्पांच्या फडात ठीक; त्यांवरून निवाडा देणे ठीक नव्हे. सर्व युगांतील थोर खेळाडूंमध्ये समान असे काही शोधायचे झाले तर एवढेच म्हणता येईल, की आपल्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांतून आपल्या शरीराला व स्वभावाला साजेल असे उत्तर त्यांनी शोधून काढले, आणि ते कसोटीच्या क्षणीही अचूक देत राहिले.

रॅकेट हा त्या उत्तराचाच एक भाग असतो. फ्रान्सचा जुना विजेता रने लाकोस्त याच्या कल्पनेतून निघालेली पोलादी रॅकेट १९६७ साली बाजारात आली. अनेक चांगल्या खेळाडूंना तिच्यावरून सुटणारा चेंडू आवरता येईना. त्यांनी ती सोडून दिली. जिमी कॉनर्सचे फटके सपाट असत, चेंडू वर उठत असतानाच तो पुढे घुसून टोलवीत असे. त्याला ती मानवली, आणि आपली बहुतेक मोठी विजेतेपदे त्याने तिच्यावरच मिळविली. बियाँ बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटच्या तारा ऐंशी पौंडांच्या आसपास ताणून घेत असे. इतक्या ताठ तारांवरून चेंडू जोराने सुटत नाही. तो जोर बोर्ग स्वतःच्या खांद्यातून आणि मनगटातून आणी. पीट सॅम्प्रस कारकीर्दभर पंच्याऐंशी चौरस इंचांच्या एकाच रॅकेटने खेळला. शिशाच्या पट्ट्या चिकटवून त्याने तिचे वजन चारशे ग्रॅमच्या जवळ नेले होते. त्या वजनाने त्याच्या सर्व्हिसला भार दिला. पण ते वजन पाच पाच सेट फिरविणारा हातही त्याच्याकडे होता.

आता या उत्तरांचे दुकानात काय होते ते पाहू. हौशी खेळाडू आठवड्यातून दोनदा, नोकरीच्या वेळा सांभाळून, तासभर खेळतो. त्याचा फटका आखूड असतो. पाय चेंडूपर्यंत वेळेवर पोहोचत नाहीत आणि चेंडू तारांच्या मध्यावर लागण्याऐवजी कडेला लागतो. त्याचा प्रश्न निराळा असताना तो विजेत्याचे उत्तर विकत घेतो. फेडररच्या सहीने विकली गेलेली सत्त्याण्णव चौरस इंचांची रॅकेट तारांशिवायच तीनशे चाळीस ग्रॅम वजनाची होती. पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थाने ती उचलली, तर पहिल्या दहा मिनिटांत तिचा भरीवपणा त्याला मोहवितो. तासाभराने त्याचा हात चेंडूपर्यंत उशिरा पोहोचू लागतो.

त्यातही एक गोम आहे. विजेत्याच्या हातात दिसते ती रॅकेट दुकानात मिळते तीच असेल, याची शाश्वती नसते. अनेक व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षे एखाद्या जुन्या घडणीची फ्रेम वापरीत राहतात. वजन, तोल आणि मूठ आपल्या मापाने करवून घेतात, आणि कंपनी त्या फ्रेमवर यंदाच्या नव्या मॉडेलचा रंग चढविते. हे या व्यवसायातील उघड गुपित आहे. तेव्हा नाव आणि रंग पाहून रॅकेट घेणाऱ्याच्या पदरात विजेत्याचे उत्तरही पडत नाही. पडतो तो त्या उत्तरावरचा रंग.

यावर आपल्याकडील जुन्या वळणाचे लोक म्हणतील, की रॅकेटला दोष देऊ नये; खेळणाऱ्याच्या अंगात हवे. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण त्यांच्या तोंडी तयारच असते. टेनिसच्या इतिहासात मात्र या म्हणीला एक फार मोठा अपवाद घडलेला आहे. हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या कारखान्यातील अनुभवाच्या आधारे धातूच्या स्की बनवून पैसा व कीर्ती मिळविली होती. १९६९ साली तो व्यवसाय विकल्यावर, साठीकडे झुकलेल्या वयात, तो टेनिसच्या मागे लागला. शिकवणी लावूनही खेळ सुधारेना. चेंडू मध्यापासून जरा दूर लागला की रॅकेट हातात फिरे. दुसऱ्या कोणी नशिबाला बोल लावला असता. हेडने कागद-पेन्सिल घेतली आणि रॅकेटचे गणित मांडले.

ते गणित शाळेतल्या विद्यार्थ्यालाही कळण्यासारखे आहे. चेंडू कडेला लागला म्हणजे रॅकेट आपल्या लांबीच्या अक्षाभोवती पिळली जाते. या पिळाला होणारा विरोध रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजन तेच ठेवून रुंदी वीस टक्क्यांनी वाढविली, तर विरोध सुमारे चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. १९७८ पूर्वी रॅकेट केवढी असावी याचा टेनिसमध्ये नियमच नव्हता. रूढी तेवढी होती. हेडने रूढी मोडली आणि १९७६ मध्ये मोठ्या तोंडाच्या रॅकेटचे पेटंट मिळविले. प्रिन्स कंपनीची ही रॅकेट प्रथम थट्टेचा विषय झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आणि नवशिक्यांचे खेळणे म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. पण १९७८ साली पॅम श्रायव्हर नावाची सोळा वर्षांची मुलगी तीच रॅकेट घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेली, आणि वाटेत तिने मार्टिना नवरातिलोवाला हरविले. जॉन मॅकेन्रोने १९८१ चे विम्बल्डन लाकडी रॅकेटने जिंकले. त्यानंतर तेथे पुरुष एकेरीत लाकूड पुन्हा विजयी झाले नाही.

या हकिकतीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. टेनिसच्या साधनातील मोठी क्रांती विजेत्याच्या गरजेतून निघाली नाही. ज्याला नाचता येत नव्हते अशा एका हौशी माणसाने अंगण खरोखरच वाकडे आहे हे दाखवून दिले, ते सरळ केले, आणि मग नर्तक त्यावर येऊन नाचू लागले. तेव्हा हौशी खेळाडूने मोठ्या तोंडाची, हलकी, चूक पोटात घालणारी रॅकेट घेताना ओशाळण्याचे काही कारण नाही. अशी रॅकेट हा त्याचा स्वतःचा वारसा आहे. विजेत्यांनी तो त्याच्याकडून घेतला आहे.

थोर खेळाडूंकडून शिकायचे ते निराळेच काही आहे. दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. अकरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवून बोर्ग सव्विसाव्या वर्षी निवृत्त झाला. १९९१ साली तो माँटे कार्लोला परत आला, तोच लाकडी रॅकेट घेऊन. अवघा खेळ कार्बनच्या रॅकेटींकडे वळून बरीच वर्षे झाली होती. स्पेनच्या जोर्डी आरेसेने त्याला दोन सरळ सेटमध्ये ६-२, ६-३ असे हरविले. आठ वर्षांच्या खंडानंतर कोणत्याही रॅकेटने फार निराळे घडले असते असे नव्हे. तरीही जुन्या उत्तरावरील निष्ठा बदललेल्या प्रश्नापुढे किती दुबळी ठरते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

दुसरे उदाहरण फेडररचे. २०१३ च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्याच फेरीत युक्रेनच्या सर्गेई स्टाखोव्स्कीकडून तो हरला. त्याच्या नावावर तेव्हा सतरा विजेतेपदे होती आणि ती त्याने नव्वद चौरस इंचांच्या लहान तोंडाच्या रॅकेटींनी मिळविली होती. तरी वयाच्या बत्तिशीत त्याने मोठी रॅकेट करून पाहिली. हँबर्ग आणि ग्श्टाड येथे अपयश आले, तेव्हा तो जुनीकडे परतला. पण विचार सोडला नाही. २०१४ पासून त्याने सत्त्याण्णव चौरस इंचांची रॅकेट कायम केली. वेगवान चेंडूवर त्याचा एकहाती बॅकहँड कडेला लागून फसत असे, त्याला या रॅकेटने आधार दिला. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नदालविरुद्ध तोच बॅकहँड निर्णायक ठरला. त्यानंतर आणखी दोन विजेतेपदे आली. सॅम्प्रसनेही निवृत्तीनंतर, आपण मोठी रॅकेट करून पाहायला हवी होती, असे बोलून दाखविले आहे. सतरा विजेतेपदांनंतर ‘माझ्या हाताला आता मदत हवी’ असे स्वतःशी कबूल करणे सोपे नसते. फेडररच्या मोठेपणाचा हा भाग कोणत्याही आकड्यात दिसत नाही, आणि नेमका तोच भाग आपल्याला उचलण्यासारखा आहे.

आवडत्या खेळाडूची रॅकेट हाती घेण्यात एक आनंद असतो, तो हिशेबात धरू नये काय, असा प्रश्न कोणी करील. जरूर धरावा. मनुष्य केवळ उपयोगासाठी खेळत नाही, आणि भक्तीला थोडा खर्च आलाच. परंतु भक्तीची बाधा शरीराला होऊ लागली की थांबले पाहिजे. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द २००४ साली सचिन तेंडुलकरच्या दुखापतीमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेल्या स्नायुबंधांवर पुन्हा पुन्हा ताण पडून होणारा हा विकार. तेंडुलकरसारख्या, उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य हाताशी असलेल्या खेळाडूलाही तो दीर्घकाळ पुरला. ज्याला दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लिहावयाचे आहे किंवा कचेरीत आठ तास संगणकापुढे बसावयाचे आहे, त्याला तो किती छळतो हे सांगावयास नको. हा विकार एकट्या रॅकेटमुळे होत नाही; चुकीचा फटका आणि एकाएकी वाढविलेला खेळ हीही कारणे असतात. पण ताठ फ्रेम, ताठ पॉलिएस्टरच्या तारा आणि कडेला लागणारा चेंडू यांचा संयोग कोपराचा शत्रू आहे, आणि विजेत्याचे अनुकरण करणारा हौशी खेळाडू नेमका तोच संयोग पैसे मोजून घरी आणतो.

मग घ्यावे काय? फार गहन विद्या लागत नाही. नियमाने रॅकेटची लांबी जास्तीत जास्त एकोणतीस इंच असू शकते. सत्तावीस इंचांची नेहमीची रॅकेट प्रौढांस पुरते. तोंड शंभर चौरस इंचांचे किंवा त्याहून थोडे मोठे असावे. तारांशिवाय वजन दोनशे सत्तर ते तीनशे ग्रॅमच्या दरम्यान असावे. फार हलकी रॅकेट घेऊ नये, कारण येणाऱ्या चेंडूचा धक्का पेलण्यास फ्रेममध्येही काही भार लागतो. तो तिच्यात नसेल तर धक्का हाताकडे येतो. मुठीचे माप तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत पट्टी धरून घेता येते. दुसरी सोपी कसोटी अशी, की रॅकेट नीट धरल्यावर बोटांची टोके आणि तळहाताचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट बसावे. मूठ बारीक असेल तर रॅकेट फिरू नये म्हणून हात ती आवळून धरतो, आणि त्या आवळण्यातूनच दुखणे सुरू होते.

फ्रेमइतकेच, किंबहुना अधिक लक्ष तारांकडे द्यावे. आपल्याकडे फ्रेमवर मोठी रक्कम खर्च करणारा मनुष्य गटिंग मात्र तारा तुटेपर्यंत बदलत नाही. हा उलटा हिशेब आहे. चेंडूला स्पर्श तारांचा होतो, फ्रेमचा नव्हे. पॉलिएस्टरच्या तारा सहसा तुटत नाहीत, पण त्यांचा ताण लवकर मरतो आणि लवचिकता जाते. व्यावसायिक खेळाडू नव्याने गटिंग केलेल्या रॅकेटी घेऊन कोर्टावर उतरतो, म्हणून त्याला त्या चालतात. हौशी खेळाडूने मऊ, अनेक तंतूंच्या तारा घ्याव्यात, फ्रेमवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या बाजूस ताण ठेवावा, आणि आठवड्यातून जितक्या वेळा खेळत असेल तितक्या वेळा वर्षातून गटिंग करून घ्यावे, ही जुनी रीत पाळावी. सैल तारांवरून चेंडू अधिक सुटतो आणि हाताला धक्का कमी बसतो.

मुलांच्या बाबतीत तर अधिकच विचार हवा. कपडे घेताना आपण ‘वाढत्या अंगाचे’ घेतो. तोच न्याय पालक रॅकेटला लावतात आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हाती सत्तावीस इंचांची रॅकेट देतात. सदरा सैल झाला तर बाही दुमडता येते. रॅकेट दुमडता येत नाही. तिच्यामागे मुलाचे मनगट दुमडते आणि चुकीचा फटका अंगवळणी पडतो. एकोणीस इंचांपासून सव्वीस इंचांपर्यंत मुलांच्या मापाच्या रॅकेटी मिळतात. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत मंद गतीचे चेंडू वापरावेत असा नियम आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेने २०१२ पासून लागू केला आहे. साधनाने मुलापर्यंत खाली यावे, मुलाने साधनापर्यंत ताणून जाऊ नये, हे तत्त्व खेळाच्या सर्वोच्च संस्थेने मान्य केले आहे. ते प्रौढांना लागू नाही असे कोणी समजू नये.

मात्र सर्व जबाबदारी ग्राहकावर टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्याकडे चांगली रॅकेट पंधरा-वीस हजार रुपयांच्या घरात जाते. शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी ती एकदाच घेतो आणि चुकली तरी वर्षानुवर्षे वापरतो. अशा ग्राहकाला दुकानाच्या गाळ्यात रॅकेट हवेत फिरवून निवड करावयास लावणे अन्यायाचे आहे. विक्रेत्यांनी चार-सहा वेगवेगळ्या रॅकेटी थोडक्या भाड्याने दोन दिवस खेळून पाहण्यास द्याव्यात आणि खरेदी झाल्यास ते भाडे किमतीतून वजा करावे. टेनिसच्या क्लबांनी आणि जिमखान्यांनी आपल्या सभासदांसाठी असा एक संच बाळगावा. जुन्या रॅकेटींच्या देवघेवीची सोय करावी. वाढत्या वयाच्या मुलांना तर तिचा फार उपयोग होईल. प्रशिक्षकांनीही शिष्याच्या हाती कोणत्या कंपनीची रॅकेट आहे यापेक्षा चेंडू तारांच्या कुठल्या भागावर लागतो हे पाहून सल्ला द्यावा. यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. एवढे झाले तर वाचलेल्या पैशांत वर्षभराचे गटिंग होईल, कोर्टाचे भाडे निघेल, आणि मुख्य म्हणजे खेळणारा साठीनंतरही खेळत राहील.